पाठ बघणारं माणूस

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांच्या घरांत अभ्यासाची पुस्तकं परत आली. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायचं. नाही झाले तर नोकरी सोडायची. ज्यांची पाच वर्षंही उरलेली नाहीत त्यांना नोकरीपुरती सूट आहे, पण पदोन्नती हवी तर त्यांनाही परीक्षा. नांदुरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत वीस वर्षं शिकवते आहे मी, आणि पहिल्या गटात मोडते. माझं डी.एड. २००३ चं. तेव्हा टीईटीचं नावही कोणी ऐकलं नव्हतं.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या महिन्यात दुसरा विषयच नव्हता. ‘पोरगी लग्नाची झाली माही, अन् मले आता पेपर द्या लागते,’ असं एक सर म्हणाले तेव्हा कोणी हसलं नाही. पंचवीस वर्षं पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवलेल्या माणसाला ‘तुझी पात्रता दाखव’ म्हटलं की लागतंच. संघटनांनी मोर्चे काढले, त्यात मीही गेले. आणि फॉर्मही भरला. त्या निमित्ताने माणूस कागदावर शिक्षक कसा होतो आणि वर्गात कसा होतो, याचा हिशेब मला पहिल्यांदाच नीट मांडून बघता आला. तो लिहावासा वाटला, कारण बारावीचा निकाल लागला की दरवर्षी गावातली कोणीतरी मुलगी घरी येते आणि विचारते, ‘मॅडम, शिक्षक व्हायचं तर काय काय करा लागते?’

माझ्या वेळी याचं उत्तर एका दमात देता यायचं. बारावीला भरपूर गुण मिळव, डी.एड.ला नंबर लाव, दोन वर्षं कर, पुढे जिल्हा परिषदेची यादी आहेच. प्रवेश बारावीच्या गुणांवर होत आणि यादी इतक्या वर थांबायची की इंजिनिअरिंगला सहज जातील अशी मुलंमुली डी.एड. पत्करायची. शेतकऱ्याच्या घरात, त्यातही मुलीसाठी, याहून खात्रीचं शिक्षण नव्हतं. आमच्या गावच्या जुन्या गुरुजींचं तर आणखी वेगळं. ते सातवीची फायनल पास होऊन मास्तर झाले, काही वर्षं शिकवलं आणि मग प्रशिक्षणाला गेले. आधी वर्ग भेटला, मग प्रमाणपत्र. माझ्या पिढीला आधी पदविका लागली, मग वर्ग. आज पदविकेनंतर दोन परीक्षा, एक संकेतस्थळ आणि कितीतरी वर्षांची वाट, आणि मग वर्ग.

मी खामगावला डी.एड. केलं. नांदुऱ्याहून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. गाडीत टाचणवह्या मांडीवर घेऊन बसलेल्या आम्ही मुली हे त्या मार्गावरच्या कंडक्टरांना सवयीचं दृश्य होतं. पहिल्या वर्षी सूक्ष्मपाठ असायचे. पाच-सहा मिनिटांचा पाठ, त्यात एकच कौशल्य: कधी प्रश्न विचारणं, कधी फलक लेखन, कधी चेतक बदल, कधी प्रबलन. समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच मैत्रिणी. पाठ संपला की प्रत्याभरण, मग टाचण नव्याने, मग तोच पाठ पुन्हा. बाहेरच्या माणसाला हा खेळ वाटेल. पण मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा ‘चूक’ न म्हणता त्याच्या उत्तरातला बरोबर भाग कसा उचलायचा, हे मी पाच मिनिटांच्या त्या पाठांत शिकले आणि अजून रोज वापरते.

त्यानंतर खऱ्या शाळांत सराव पाठ. पाठ टाचणाची पानं आडवी आखायची, एका बाजूला शिक्षक कृती, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी कृती. टाचणावर सगळेच वैतागतात. ते रात्री जागून लिहावं लागतं, आणि पुढे नोकरीत अधिकाऱ्याला दाखवण्यापुरतं उरतं, हेही खरं. तरी त्या दुसऱ्या रकान्याबद्दल माझं मत पक्कं आहे. आपण काय बोलणार हे कोणालाही लिहिता येतं. आपण बोलत असताना आठ वर्षांचं मूल काय करत असेल, हे मिनिटामिनिटाने लिहायला बसलं की अर्धा पाठ तिथेच बदलतो.

पण डी.एड.मधलं सर्वांत मोलाचं मला कुठल्याच वहीत मिळालं नाही. ते आमच्या एका मॅडमनी दिलं. सराव पाठाला त्या मागच्या बाकावर बसायच्या आणि निरीक्षण वहीआधी एक साधा कागद काढायच्या. त्यावर वर्ग जसा बसला असेल तशा चौकटी आखायच्या, एका मुलाला एक चौकट. ज्याला प्रश्न गेला त्याच्या चौकटीत टिंब. उत्तर आलं तर फुली. मूल आपण होऊन काही बोललं तर गोल. पाठ संपल्यावर आवाज, अक्षर, साडी, कशावरही काही न बोलता कागद हातात द्यायच्या: ‘बघ आधी. मग बोलू.’ आमच्या तुकडीत जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर पुढच्या दोन रांगांत टिंबांची दाटी आणि मागे कोरं मैदान असायचं. समोर उभं असताना अख्खा वर्ग आपल्याबरोबर आहे असंच वाटत असतं. पुढून ते दिसतच नाही. मॅडम म्हणायच्या, ‘कोऱ्या चौकटीतलं पोरगं हुशार असेल नाहीतर उपाशी असेल. तुला माहीत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे.’

२००५ साली मी शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले. शिक्षण सेवक योजना २००० साली आलेली; तीन वर्षं मानधन, मग वेतनश्रेणी. मानधन महिना ३,००० रुपये. शाळा पूर्णेकडच्या एका गावात, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडीचं चाक फिरायचं नाही, म्हणून शेवटचा टप्पा पायी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे. दोन खोल्यांमधलं दार ते कायम उघडं ठेवायचे. मला वाटलं वाऱ्यासाठी असेल. काही महिन्यांनी कळलं, त्यांचा एक कान माझ्या वर्गाकडे असायचा.

ते कधीच बसवून शिकवायचे नाहीत. शाळा सुटल्यावर कुलूप लावता लावता एखादी गोष्ट म्हणायचे. ‘ती पोरगी तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेजारणीच्या कानात सांगते, आयकलं का?’ एवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसायची. हातच्याची वजाबाकी मी फळ्यावर शिकवत होते तेव्हा त्यांनी काही न बोलता तुराट्यांचा भारा आणून माझ्या टेबलाजवळ ठेवला. तुरीच्या सुकलेल्या काड्या, आमच्याकडे कुठल्याही घराच्या मागे मिळतात. मुलांनी त्या सारख्या मोडल्या, दहा-दहांच्या जुड्या बांधल्या, आणि बावन्नातून सतरा काढताना जुडी सोडावी लागते हे हाताला कळलं. फळ्यावर ‘दशकाकडून एक घेतला’ म्हणताना तो घेतलेला एक दहा कसा होतो, हे कोडं पुष्कळ मुलांना शेवटपर्यंत सुटत नाही. जुडी सोडलेल्या मुलाला ते कोडं पडतच नाही.

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की पट तोच राहायचा, वर्ग अर्धा व्हायचा. आई शेतात, म्हणून दुसरीतली मुलगी घरी धाकट्याला सांभाळायला. त्या आठवड्यांत गणितातला नवा घटक सुरू करायचा नाही, हे मला सरांनी सांगितलं. त्या काळात मागचं पक्कं करायचं, गोष्टी वाचायच्या, आणि गैरहजर मुलींच्या घरी संध्याकाळी चक्कर मारायची. नवा घटक त्या दिवसांत घेतला तर वेचणीहून परतलेली मुलगी वर्षभरासाठी मागे पडते, आणि मागे पडलेली मुलगी शाळा सोडण्याच्या एक पाऊल जवळ असते. हे कुठल्याही अभ्यासक्रमात मला लिहिलेलं दिसलेलं नाही. पदविका मला खामगावला मिळाली. शिक्षक मी त्या उघड्या दाराजवळ झाले, असं मी मानते.

मग काळ पालटला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने अधिसूचना काढून पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी टीईटी आवश्यक केली. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१३ मध्ये शासन निर्णय काढला आणि १५ डिसेंबर २०१३ ला राज्यातली पहिली टीईटी झाली. दरम्यान २०१२ च्या मे महिन्यापासून शिक्षक भरतीच बंद झालेली. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि डी.एड. करून बसलेली हजारो मुलंमुली गावोगाव अडकली. ज्या विद्यालयांत प्रवेशासाठी चिठ्ठ्या चालायच्या तिथे जागा रिकाम्या राहू लागल्या, काही विद्यालयांना कुलूप लागलं. आमच्या भागात डी.एड. झालेला मुलगा पेट्रोल पंपावर, डी.एड. झालेली सून कापसाच्या शेतात, हे सर्रास दिसायचं.

अशा पडत्या काळात, २०१६ साली, माझ्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी घरी आली. दुसरीत तुराट्यांच्या जुड्या बांधलेली. वडील हंगामात जिनिंगमध्ये हमाली करणारे. बारावीला चांगले गुण होते आणि तिला शिक्षिकाच व्हायचं होतं. घरचे म्हणत होते, नर्सिंग कर. मी तिला काय सांगू कळेना. भरती कधी होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. तिने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. डी.एड.चं आता डी.एल.एड. झालं होतं, तिथे प्रवेश घेतला.

तिचा पुढचा रस्ता जरा सविस्तर सांगते, कारण आज विचारायला येणाऱ्या मुलींना तोच चालायचा आहे.

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका. बी.एड. केलेल्यांना वाटतं की मोठी पदवी म्हणजे लहान वर्ग आपोआप मिळेल, तर तसं नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असं स्पष्ट केलं. मला तो निर्णय पटतो. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखायला शिकवणं हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचं स्वतंत्र शिक्षण हवं. पदविकेनंतर टीईटीचा पेपर एक: दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांपुरतं होतं, २०२१ पासून आयुष्यभरासाठी आहे. केंद्र सरकारची सीटीईटी उत्तीर्ण असली तरी चालते.

तिने १९ जानेवारी २०२० ची टीईटी दिली आणि पास झाली. पुढे त्याच परीक्षेतले गैरप्रकार बाहेर आले आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर राज्य परीक्षा परिषदेने कारवाई केली. तिचं नाव त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्या काळात गावात कोणी ‘टीईटी पास’ म्हटलं की समोरचा क्षणभर तिच्याकडे निरखून बघायचा. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांचं त्या घोटाळ्याने किती नुकसान केलं, ते पैशात मोजता येत नाही.

टीईटी म्हणजे पात्रता. नोकरीसाठी आणखी एक परीक्षा: अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मुलं तिला टेट म्हणतात. दोनशे प्रश्न, दोन तास, संगणकावर. एकशेवीस प्रश्न अभियोग्यतेचे, ऐंशी बुद्धिमत्तेचे. यात पास-नापास नाही, फक्त गुण, आणि त्या गुणांवर सगळं. पहिली टेट डिसेंबर २०१७ ला झाली, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. मधली अंतरं बघितली की किती तरुण वर्षं त्यात गेली ते कळतं. ती वर्षं माझ्या विद्यार्थिनीने शहरातल्या एका खासगी शाळेत काढली, ज्या पगारात महिन्याचा किराणाही भागत नाही अशा पगारावर; रात्री टेटचा सराव.

टेटनंतर पवित्र पोर्टल. तिथे स्वप्रमाणपत्र भरायचं, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम द्यायचे, ते लॉक करायचे आणि थांबायचं. जिल्हा परिषदा, नगरपरिषदा मुलाखतीशिवाय, निव्वळ गुणवत्तेवर घेतात. खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे. २५ फेब्रुवारी २०२४ ला यादी लागली, ११,०८५ नावं होती. तिचं नाव कोकणातल्या एका जिल्हा परिषदेत. महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. मानधन १६,००० रुपये. २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला सहाच हजार मिळायचे. तिचे वडील पेढे घेऊन आले तेव्हा एकच वाक्य परत परत म्हणत होते: ‘मॅडम, कोणाले एक रुपया नाही द्या लागला.’

या वाक्याची किंमत ज्याला आमच्या भागातल्या भरत्या माहीत आहेत त्यालाच कळेल. शेत विकून नोकरी घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि शेत विकूनही नोकरी न मिळालेली. हमालाच्या मुलीला, ओळख नसताना, पैसा न देता शिक्षिका होता आलं, ही पवित्रची मोठी गोष्ट आहे. या पद्धतीला कोणी धक्का लावू नये.

आणि तरीही एक गोष्ट मला टोचत राहिली. बारावीच्या गुणपत्रिकेपासून नियुक्तीच्या आदेशापर्यंत, डी.एल.एड.च्या आंतरवासितेचे दिवस सोडले, तर ही मुलगी शिकवते कशी हे कोणीच बघितलं नाही. टीईटीने तिला पर्याय निवडताना पाहिलं, टेटने तिचा वेग पाहिला. नियुक्तीनंतर तिचं माझ्यासारखंच, द्विशिक्षकी शाळा. दुसरे शिक्षक वर्षभर कुठल्या ना कुठल्या कामावर, आणि दोन खोल्यांमधलं दार उघडं ठेवून ऐकणारं कोणी नाही.

माझ्या अभ्यासाचं सांगते. फॉर्म भरला तसा तिचाच फोन आला. तिच्या टीईटीच्या वह्या तिच्या आईकडे होत्या, त्या मी जाऊन घेतल्या. रोज रात्री नऊला ती कोकणातून फोनवर माझा अभ्यास घ्यायची. पियाजे, व्हायगॉट्स्की, कोहलबर्ग. डी.एड.ला ही नावं मी पाठ केली होती. आता वाचताना प्रत्येक परिच्छेदात मला ओळखीची मुलं दिसू लागली. व्हायगॉट्स्की म्हणतो, मूल एकट्याने जे करू शकतं त्याच्या थोडं पुढे असा एक टप्पा असतो, जिथे ते कोणाच्या तरी मदतीने पोचतं. बहुवर्ग शाळेत चौथीचं मूल दुसरीच्या मुलाला शेजारी घेऊन बसतं ते हेच. आम्ही ते शिक्षक कमी म्हणून करत होतो, आणि त्याच्यामागे इतका विचार आहे हे आता उमगलं. पियाजेचा पाण्याचा प्रयोग मी वर्गात करूनही बघितला. एका बुटक्या डब्यातलं पाणी पहिलीच्या मुलांसमोर उंच ग्लासात ओतलं. ‘उंच्यात जास्त हाय,’ बहुतेक सगळे म्हणाले. परत डब्यात ओतलं तर ‘आता कमी झालं.’ चौथीतली एक मुलगी दारातून ओरडली, ‘अरे, पाणी तेच हाय ना!’ वीस वर्षांत मी हा प्रयोग एकदाही केला नव्हता. परीक्षेने मला तो करायला लावला, त्याबद्दल मी तिचे आभार मानते. ज्यांना ही सक्ती अपमान वाटते त्यांच्या बाजूने मी मोर्चात उभी होते. अभ्यास वाया जात नाही, हेही मी त्यांना सांगते.

परीक्षा २३ नोव्हेंबर २०२५ ला, रविवारी झाली. राज्यभरातून पावणेपाच लाखांच्या आसपास अर्ज होते. नांदुऱ्याहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला जाणारी पहाटेची गाडी परीक्षार्थींनीच भरलेली. राजूर घाट चढताना पुढच्या सीटवरची बाविशीची मुलगी परिसर अभ्यासाची उजळणी करत होती, मागे पन्नाशीचे सर चष्मा पुसत जुनी प्रश्नपत्रिका चाळत होते. परीक्षा केंद्रावर बोटांचे ठसे, चेहऱ्याची ओळख, मग हॉल. बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न मला जमले असं वाटतं. गणितात वेळ गेला. 

परतीच्या गाडीत त्या सरांशी बोलताना हाच विषय निघाला. ते म्हणाले, ‘एकदा तरी कोणी वर्गात येऊन बसावं अन् सांगावं, इथं बरं, इथं नाही. वीस वर्षांत आलेला प्रत्येक साहेब रजिस्टर पाह्यते, पोषण आहाराची चव घेते, ॲपवर माहिती भरली का विचारते.’ यात साहेबांना दोष द्यायचा नाही. केंद्रप्रमुखांची पदं रिकामी असतात, एकाकडे दोन-दोन केंद्रं असतात, आणि वरून मागितली जाणारी माहिती संपत नाही. मुलांपर्यंत पोचायला त्यांना दुपार उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शिक्षण सेवकाच्या तीन वर्षांचं आपण काही करत नाही. तो काळ कमी पगारात काम करून घेण्याचा झाला आहे. तो शिकण्याचा काळ करता येईल. त्याच केंद्रातल्या एका अनुभवी शिक्षकाने महिन्यातून एकदा नव्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसावं. नव्यानेही त्याच्या वर्गात बसावं. गुण नकोत, शेरा नको, अहवाल नको. हे नियुक्तीच्या आधी मात्र कदापि आणू नये. मुलाखत, प्रात्यक्षिक, निवड समिती असं काही जिल्हा परिषदेच्या भरतीत शिरलं तर पैसा त्याच दाराने आत येईल आणि हमालाची मुलगी पुन्हा बाहेर राहील. निवड गुणांवरच व्हावी. पाठ बघायचा तो निवड झाल्यावर, शिकण्यासाठी. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणं होतात, मी केली आहेत, काही चांगली होती. पण तिथे आपण खुर्चीत बसून ऐकतो. आपल्या वर्गात मागे कोणी बसलेलं असणं निराळं.

वरून आदेश येईल तेव्हा येवो. आम्ही दोघींनी आपल्यापुरती सोय केली आहे. मुख्याध्यापकांना विचारून ती फोन खिडकीत उभा करते, पंधरा-वीस मिनिटांचा पाठ रेकॉर्ड करते आणि मला पाठवते. मी कागदावर चौकटी आखते. टिंब, फुली, गोल. कागदाचा फोटो तिला जातो, व्हिडिओ दोघींच्याही फोनमधून पुसायचा. आधी कागद बघायचा, मग फोन करायचा.

गेल्या आठवड्यात तिने दुसरीच्या हातच्याच्या वजाबाकीचा पाठ पाठवला. तिथे तुराट्या नाहीत, तर माडाच्या झावळीचे हीर काढून मुलांनी जुड्या केल्या होत्या. पाठ सुरेख झाला. कागदावर मात्र भिंतीकडच्या कोपऱ्यातली एक चौकट सबंध वेळ कोरी. फोनवर ती म्हणाली, तो मुलगा कर्नाटकातून चिरेखाणीवर कामाला आलेल्या कुटुंबातला आहे, घरी कन्नड बोलतात, वर्गात तोंडच उघडत नाही. त्याने जुड्या बरोबर सोडल्या होत्या, व्हिडिओत दिसत होतं. अंक तो मनात कुठल्या भाषेत मोजत असेल, असं मी विचारलं.

काल तिने दुसरा तुकडा पाठवला. तो मुलगा हीर हातात धरून मोठ्याने कन्नडमध्ये मोजतो आहे आणि बाकीचा वर्ग त्याच्या मागून म्हणतो आहे. त्याच्या चौकटीत मी तीन गोल काढले. खाली तिचा निरोप होता: ‘मॅडम, आता तुमचा पाठ कधी पाठवता? मी कागद आखून ठेवला आहे.’ सोमवारी तिसरीला भागाकार सुरू करते आहे. खिडकीतून मागच्या रांगेपर्यंत सगळी मुलं येतात का, ते उद्या शाळा भरायच्या आधी फोन लावून बघणार आहे.